दुसऱ्याची बास्केट

मार्च संपता संपता कॉलेजनं गिल नॉर्बीला काढलं, तेव्हा त्याची खोली आवरायला रोलंड टेस्के गेला होता. नॉर्बी बास्केटबॉलचा मुख्य कोच आणि रोलंड त्याचा सहायक. चौदा हिवाळे दोघांनी एकाच बसमध्ये, मैदानाच्या कडेच्या एकाच बाकावर काढलेले. खोकी गाडीत ठेवून झाली. नॉर्बीनं हात पुढे केला, रोलंडनं तो धरला, आणि नेमकं तेव्हाच त्याच्या लक्षात आलं की गाडीचं मागचं चाक बसलंय.

"हवा कमी आहे बघ मागं," तो म्हणाला.

"हो का? भरतो," नॉर्बी म्हणाला आणि गेला.

घरी डोरीननं विचारलं, "काय म्हणाला गिल?"

"हवा भरतो म्हणाला."

डोरीन हातातलं कापड तसंच धरून नवऱ्याकडे बघत राहिली. "रोलंड, एकदा चिड तरी. शिव्या दे. नाहीतर माझ्यावर ओरड. हे असं शांत बसलेलं मला बघवत नाही."

रोलंडनं खरंच आत शोधून पाहिलं. दाढ काढताना डॉक्टर सुई देतो, मग ओठ आरशात तर दिसतो पण बोट लावलं तर लागत नाही, तसं काहीतरी झालं होतं. चीड कुठेतरी असणार. पण हाताला लागत नव्हती.

"जेवायला काय आहे?" त्यानं विचारलं.

नवा कोच डॅरेक मॅडॉक्स एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रुजू झाला. वय जेमतेम अडतीस, दात पांढरेशुभ्र, चालणं इतकं भरभर की सोबतच्या माणसाला पळावं लागे. जुन्यांपैकी त्यानं फक्त रोलंडला ठेवलं, तेही "उन्हाळ्यापर्यंत बघू" असं म्हणून. कपाटं कुठली, किल्ल्या कुठल्या, कोण कुणाचं कोण, हे सांगायला एक माणूस लागतोच.

मॅडॉक्स आपल्या आधीच्या कॉलेजातून दोन तयार खेळाडू घेऊन आला होता. दाढ्या आलेले, दंड भरलेले. त्यामुळे हायस्कूल संपवून शरद ऋतूत येणाऱ्या तीन पोरांपैकी एकाला जागा उरत नव्हती. ही तिन्ही पोरं रोलंडनं शोधली होती. दोन वर्षं त्यांच्या गावोगाव फिरून, त्यांच्या जिममध्ये लाकडी पायऱ्यांवर बसून, त्यांच्या आयांच्या हातचं खाऊन. नोव्हेंबरात कॉलेजच्या करारावर त्यांच्या सह्याही झाल्या होत्या.

"मला यातलं कोणीच माहीत नाही," मॅडॉक्स म्हणाला. "व्हिडिओ दाखव."

"पूर्ण मॅच आहेत माझ्याकडे. तिघांच्या मिळून दोनेक दिवस लागतील."

"दोन दिवस?" मॅडॉक्स हसला. "टेस्के, मला दुपारी तीन माणसांना भेटायचंय. हायलाइट्स लाव. पोरांनी स्वतः पाठवलेत ना, तेच. आपल्याला काय दाखवायचं हे ज्याला कळत नाही, त्याला खेळ तरी काय कळणार?"

रोलंडनं पडदे ओढले आणि पहिला व्हिडिओ लावला.

पहिला टवारिस कूम्ब्स, मिलवॉकीचा. ढोलांचा दणदणाट, आगीच्या अक्षरांत नाव, आणि लगेच टवारिस हवेत. बास्केटच्या कडीच्या वर अर्धा हात जाऊन त्यानं चेंडू आत कोंबला. परत दुसऱ्या कोनातून. परत सावकाश. मॅडॉक्सनं मांडीवर थाप मारली. "बघ! बघ हे!"

रोलंड दुसरंच बघत होता. पंचवीस वर्षांच्या सवयीनं त्याची नजर चेंडूवर ठरतच नसे. टवारिसच्या समोरचे पोरगे त्याच्या खांद्याएवढे होते. दर वेळी चेंडू आत गेला की तो लोकांकडे तोंड करून छाती ठोकत उभा राहायचा आणि तिथंच चित्र कापलेलं असायचं. समोरचा संघ चेंडू घेऊन उलट गेला असेल, तेव्हा टवारिस कुठं होता? ते कुणी ठेवलेलं नव्हतं. पोरगा चांगला होता, रोलंडनंच निवडला होता. पण त्याला बचावासाठी मागं धावायला शिकवावं लागणार होतं.

"बचावात जरा आळशी आहे," तो म्हणाला.

"या वयात मीही होतो. पुढचा."

दुसरा एबेन टॉलिव्हर, डे मॉइनचा. सहा फूट दहा इंच. त्याचं व्हिडिओतलं मुख्य काम म्हणजे उभं राहणं. चेंडू यायचा, तो हात वर करायचा, बाकीच्यांचे हात त्याच्या कोपरापर्यंतच पोचायचे. पळताना दोन्ही गुडघे एकमेकांना विचारून हलताहेत असं वाटायचं.

"उंची काही शिकवता येत नाही," मॅडॉक्स म्हणाला. त्याच्या बाबतीत तेवढंच.

तिसरा सोरेन हाउगेन. नॉर्थ डकोटातलं हार्विक नावाचं गाव, जिथं धान्याची कोठारं, चर्च आणि शाळेचं जिम एवढ्याच तीन उंच इमारती. याच्या व्हिडिओला संगीत नव्हतं. पिवळ्या भिंतींचं जिम, कॅमेऱ्याजवळ कोणीतरी खोकतंय. सोरेनच्या हातात चेंडू आला, त्यानं डावीकडे पाहिलं आणि उजवीकडे पास दिला. तिथल्या पोरानं बास्केट मारली. दुसरं दृश्य. पुन्हा पास, या वेळी मागे न बघता, आणि एक जाडसर पोरगा कडीखाली अगदी मोकळा. बास्केट. तिसऱ्यात सोरेन चेंडू घेऊन आत घुसला, तीन जण त्याच्यावर धावले, आणि तो बास्केट मारणार म्हणताना त्यानं चेंडू कोपऱ्यात सोडला.

"थांब, थांब," मॅडॉक्स म्हणाला. "यातला आपला कुठला?"

"पास देणारा."

"आणि बास्केट मारतोय तो?"

"तो दुसरा. त्याच्या शाळेतलाच."

मॅडॉक्सनं दोन्ही हात डोक्यामागे घेतले आणि तो मोठ्यानं हसला. "स्वतःच्या व्हिडिओत दुसऱ्याची बास्केट? अरे, लग्नाचे फोटो म्हणून शेजाऱ्याची बायको दाखवल्यासारखं झालं हे!"

आता बोलायला हवं, हे रोलंडला कळत होतं. काय बोलायचं तेही समोर मांडून ठेवल्यासारखं दिसत होतं. जानेवारीत तो हार्विकला गेला होता, बर्फातून गाडी ढकलत. त्या जाडसर पोराची, कोडीची, मॅचभर एकही बास्केट होत नव्हती. लोक हसत होते. तर या सोरेननं पुढच्या पाच मिनिटांत त्याला चार वेळा चेंडू अशा जागी आणून दिला, की तिथून चुकणं कोडीलाही जमलं नसतं. हे कुणाला शिकवता येत नाही. उंची शिकवता येत नाही म्हणतात, तसंच. हे सगळं म्हणायचं होतं.

"चांगला मुलगा आहे," रोलंड म्हणाला. "त्याला मैदान दिसतं."

"मैदान सगळ्यांना दिसतं, टेस्के. केवढं मोठं असतं ते." मॅडॉक्स उठला. "पहिले दोघं राहू देत. याला कळव."

"त्याची सही झालीय."

"मग यायचं तर येऊ दे. बाकावर बसू दे. पण खेळायला मिळणार नाही हे आत्ताच सांग. शहाणा असेल तर दुसरीकडे बघेल. फोन कर."

"जाऊन सांगतो."

"सहा-सात तास गाडी चालवत? हे सांगायला?" मॅडॉक्सनं दारात वळून पाहिलं. त्याला खरंच कळलं नव्हतं. "बरं. तुझी हौस."

एरवीचा रोलंड असता तर त्यानं टेबलावर मूठ आपटली असती. नॉर्बीशी त्याची अशी भांडणं होत की शिपायानं दार लावून घ्यावं. आज त्यानं यंत्र बंद केलं, पडदे उघडले आणि खुर्च्या सरळ केल्या.

शनिवारी सकाळी तो निघाला. शेतांतून बर्फाचं पाणी साचलं होतं आणि त्यात बदकांचे थवे उतरले होते. काय बोलायचं याची उजळणी करावी असं त्याला अधूनमधून वाटे, पण दर वेळी पुढे एखादा ट्रक येई आणि तो ओलांडण्यात विचार राहून जाई. फोनवर त्यानं फक्त "येतोय" एवढंच सांगितलं होतं. ही चूक झाली हे दार उघडल्यावर त्याला कळलं. सोरेनच्या अंगात कॉलेजचा हिरवा स्वेटशर्ट होता. टेबलावर चांगल्यातल्या बश्या मांडलेल्या होत्या. सोरेनची आई कार्ला शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिनं खिमा आणि बटाट्याचं हॉटडिश भाजून ठेवलं होतं, वास अंगणापर्यंत येत होता. मोठी बहीण ब्रिट दातांच्या दवाखान्यातून अर्धी सुट्टी घेऊन आली होती. बाप ट्रक घेऊन मोंटानाकडे गेलेला.

"या, या कोच! रस्ता कसा होता?" कार्ला म्हणाली. "सोरेन, कोचचा कोट घे. बसा. मागच्या वेळी बसला होतात तीच खुर्ची घ्या, ती डुगडुगत नाही."

रोलंड उभाच राहिला. "जेवायच्या आधीच सांगतो," तो म्हणाला. आणि सांगितलं. चार-पाच वाक्यांत झालं. हवामान सांगावं तसा त्याचा आवाज सपाट होता, हे त्यालाच ऐकू येत होतं.

कार्लानं वाढायला डाव उचलला होता.

"पण त्यानं सही केलीय," कार्ला म्हणाली.

"केलीय. तो आला तर घेतील. पण बाकावर बसवतील. पहिलं वर्ष, दुसरं वर्ष, आपण होऊन जाईपर्यंत. असंच करतात."

"असंच करतात." कार्लानं हातातला डाव खाली ठेवला. "कोच, तुम्ही याच खुर्चीवर बसून म्हणाला होतात, माझ्या पोरासारखा सांभाळीन. मी त्याच्या बापाला फोन करून शब्दन् शब्द सांगितला होता तुमचा."

"हो. म्हटलं होतं."

"मग?"

"आता ते माझ्या हातात नाही."

ती ओरडेल असं त्याला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. पण कार्लानं डाव पुन्हा उचलला, त्याच्या बशीत भला मोठा ढीग वाढला आणि म्हणाली, "बसा. गार होईल."

मग चौघंही जेवले. लोणी पुढे केलं, मीठ पुढे केलं. यंदा पेरणीला उशीर होणार, यावर बोलणं झालं. हॉटडिश चांगलं झालं होतं आणि रोलंडनं तसं सांगितलंही. कार्ला म्हणाली, "थोडं जास्त भाजलं गेलं."

सोरेननंच शेवटी विचारलं. लांबोडक्या हातापायांचा, पांढुरक्या भुवयांचा हा पोरगा जेवताना बशीतून मान वर काढत नव्हता. "माझा व्हिडिओ बघून काय म्हणाले ते?"

"म्हणाला, यात बास्केट दुसराच मारतोय."

ब्रिटचा काटा बशीवर खणकन वाजला. "सांगितलं होतं की नाही मी? कोच, तुम्हीच ऐका! मी याला हात जोडले. म्हटलं, एकतीस पॉइंट्सची मॅच आहे, ती घालू दे. तर हा म्हणतो, नको."

"त्या मॅचमध्ये मी घाण खेळलो होतो," सोरेन म्हणाला.

"एकतीस पॉइंट, गाढवा!"

"डेल आजारी, कोडी आजारी. दुसरं होतं कोण मारायला?"

"ऐका! रात्र रात्र बसून मी ते कापलं. माझ्या मैत्रिणी म्हणत होत्या, तुझा भाऊ यात आहे तरी कुठं? मला वाटलं, असेल बाई, याला कळत असेल. आता गेलं ना सगळं माझ्यामुळे!" तिचं नाक लाल झालं होतं.

"तुझ्यामुळे नाही, ब्रिट," रोलंड म्हणाला.

"मग कुणामुळे?"

याचं उत्तर त्याच्याकडे होतं. तो पाणी प्यायला. मग स्वतःचाच आवाज त्याला ऐकू आला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. "सगळ्या मॅच आहेत तुझ्याकडे? पूर्ण?"

"तिन्ही वर्षांच्या आहेत."

"लॅपटॉप आण."

बश्या बाजूला सरल्या. ब्रिट भराभर चालवत होती आणि रोलंड शेजारी बसून सांगत होता. "पहिली वीस सेकंदं महत्त्वाची. त्यापुढं कुणी बघत नाही. सुरुवातीला लांबून मारलेल्या दोन. मग आत घुसून एक. चेंडू जाळीत गेला की लगेच काप, श्वास घ्यायलाही थांबू नको."

"हा पास?"

"काढ."

"हा बघा ना, किती सुंदर..."

"काढ."

एका मॅचमध्ये सोरेननं उडी मारून चेंडू वरून आत घातला होता. अख्ख्या तीन वर्षांतला तो एकच. ब्रिट थबकली. "पण इथं आधीच शिट्टी झाली होती, कोच. ही बास्केट धरली नव्हती."

"आवाज बंद कर. वर काहीतरी गाणं लाव."

ब्रिटनं त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि आवाज बंद केला.

सोरेन मोरीपाशी बश्या पुसत उभा होता. त्याला तिथून लॅपटॉपचा पडदा दिसत होता. पडद्यावर एक उंच पोरगा एकामागून एक चेंडू मारत सुटला होता, जणू मैदानात दुसरं कुणी नव्हतंच.

"हा मी नाही," सोरेन म्हणाला.

"माहीत आहे," रोलंड म्हणाला.

"मग हे बघून मला घेतलं तर मी तिथं जाऊन काय करू?"

खुर्चीत वळून रोलंडनं त्याच्याकडे पाहिलं. पोराला खरंच उत्तर हवं होतं. रोलंड म्हणाला, "आधी आत तर जा. कोच नंतर खेळ बघतोच."

"तुमच्या नव्या कोचनी बघितला नाही."

कार्ला दारात येऊन उभी राहिली होती. सोरेन तीच बशी पुन्हा पुन्हा पुसत होता. मग त्यानं ती फळीवर ठेवली आणि म्हणाला, "पाठवा."

साउथ डकोटाच्या पश्चिमेला एका लहानशा कॉलेजात वेस उलरिक नावाचा कोच होता. कधीकाळी तो नॉर्बीच्याच हाताखाली खेळलेला. रोलंडनं त्याला व्हिडिओ पाठवला आणि सोमवारी दुपारीच वेसचा फोन आला.

"रोलंड! अरे, कुठं लपवून ठेवलं होतंस हे पोरगं?"

"हार्विकला."

"तुमच्या त्या नव्या शहाण्याला नको होय? मला दे. माझ्याकडे यंदा बास्केट मारणारं कुत्रंसुद्धा नाही. सगळे एकमेकांकडे बघत बसतात, तू मार, तू मार. हा मारतो ना?"

खिडकीबाहेर माळी गवतावरचा उरलासुरला बर्फ फावड्यानं पसरवत होता, लवकर वितळावा म्हणून. रोलंडनं एक फावडं पसरेपर्यंत पाहिलं.

"मारतो," तो म्हणाला. "चांगला मारतो."

"ठरलं मग."

ठरलं. ब्रिटनं फोन करून तीनतीनदा आभार मानले. कार्लानं पोस्टानं रूबार्बच्या आंबटगोड वड्यांचा डबा पाठवला. डोरीननं त्या शेजारी वाटल्या, कारण रोलंडला गोडाची चव लागत नव्हती.

जूनमध्ये मॅडॉक्सनं रोलंडला बोलावून त्याचे मनापासून आभार मानले, आणि त्याची जागा आता राहणार नाही असं सांगितलं. त्याची खोकी गाडीत ठेवायला कुणी आलं नाही, होतीही दोनच. पुढे शाळांच्या विभागात त्याला काम मिळालं, पंधरा-सोळा वर्षांच्या पोरापोरींना गाडी शिकवायचं. शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेक असलेल्या गाडीत तो बसे आणि म्हणे, "आरसा बघ. हळू. आता वळ." पोरं घाबरत, तो घाबरत नसे. एकदा एका मुलीनं गाडी थेट टपालपेटीवर घातली. रोलंडनं उतरून पेटी सरळ उभी केली आणि म्हणाला, "चल, पुन्हा." त्याच्याइतका शांत माणूस या कामाला मिळायचा नाही, असं विभागात सगळे म्हणत.

जुन्या कॉलेजच्या बातम्या तो वाचत नसे, डोरीन सांगे. टवारिसनं नाताळाच्या सुमारास दुसरं कॉलेज धरलं. एबेन बाकावरच होता. मॅडॉक्सचे दाढीवाले मात्र जिंकत होते.

जानेवारीत एका रविवारी दुपारी वेसचा संघ तासाभराच्या अंतरावरच्या गावी खेळायला आला. डोरीन म्हणाली, "जाऊन ये. पोराला बरं वाटेल." तो गेला. जिममध्ये शिरला तर पहिल्याच रांगेत ब्रिट, हातात कॅमेरा.

"कोच! या, जागा धरलीय. म्हटलंच होतं तुम्ही येणार."

"अजून घेतेस व्हिडिओ?"

"सवय लागलीय. पण आता काही कष्टच नाहीत. सगळंच ठेवण्यासारखं असतं."

मॅच सुरू झाली. सोरेनचे खांदे रुंद झाले होते, केस बारीक कापलेले. त्याच्या हातात चेंडू आला, त्यानं मारला. आत गेला. पुन्हा आला, पुन्हा मारला, चुकला. पुन्हा मारला. रोलंडची नजर सवयीनं इतरांकडे गेली. कोपऱ्यात एक बुटका पोरगा मोकळा होता, त्यानं हात वर केला. कडीखाली दुसरा मोकळा झाला, त्यानंही केला. चेंडू वरून निघून गेला. थोड्या वेळानं त्यांनी हात वर करणं सोडून दिलं आणि सोरेननं मारला की सरळ मागं धावू लागले. बाकावरून वेस टाळ्या वाजवत ओरडत होता, "मार! मार! अजून मार!"

संघ चांगल्या अंतरानं हरला. सोरेनचे चोवीस पॉइंट झाले, दोन्ही संघांत सर्वांत जास्त. ब्रिट उभी राहून शिट्ट्या मारत होती.

आंघोळ करून ओल्या केसांनी सोरेन बाहेर आला. त्यानं बहिणीला मिठी मारली, मग रोलंडला हात दिला.

"तुम्ही आलात, कोच."

"आलो. अभ्यास जमतोय?"

"रसायनशास्त्र जड जातंय. बाकी ठीक."

ब्रिट गाडी गरम करायला म्हणून बाहेर गेली. दोघं भिंतीला टेकून उभे राहिले. समोर दोन माणसं पायऱ्यांचे बाक ढकलून आत दुमडत होती, त्याचा खडखडाट चालला होता.

"तो कोपऱ्यातला पोरगा," रोलंड म्हणाला. "मोकळा होता."

"हो. मार्कस."

"दिसला होता?"

"दिसतात सगळे, कोच. ते काही बंद होत नाही." सोरेननं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "सुरुवातीला दिले मी पास. दोन मॅच. कोच म्हणाले, मी तुला यासाठी आणलं नाही. तिसऱ्या मॅचला बसवलं. मग चौथीत मारायला लागलो."

"मी बोलू वेसशी? व्हिडिओचं सांगतो त्याला. मी कापला होता म्हणून."

"नको."

"तुझ्यावर काही येणार नाही."

"तसं नाही हो." पोरगा जमिनीकडे बघत होता. "चिडणार नाहीत ते. हसतील. म्हणतील, बरं झालं कापलास. घरी आई खूश आहे. बाबा ट्रकमध्ये लोकांना माझे पॉइंट सांगतात. आणि मला आता त्याची सवय झालीय." थोडं थांबून तो म्हणाला, "मार्कस माझ्याच खोलीत राहतो. आधी आम्ही खूप बोलायचो."

रोलंडनं मान हलवली. पोराच्या पाठीवर हात ठेवावा असं त्याच्या मनात आलं. हात उचलला गेला, पिशवीच्या पट्ट्यावर जाऊन टेकला आणि तिथंच थोडा वेळ राहिला.

"माझं चुकलं, सोरेन," तो म्हणाला.

"तुम्ही नसतात तर मी आता कोठारावर धान्य भरत असतो," सोरेन म्हणाला. त्यात राग नव्हता, आणि आभारही नव्हते. बाहेर बसचा भोंगा वाजला. "चलतो, कोच. उशीर झाला की ते चिडतात."

तो गेला. बसच्या पायरीपाशी तीन-चार पोरं उभी होती. त्यांनी त्याला वाट दिली आणि मग आपलं बोलणं पुढं सुरू केलं. सोरेन आत जाऊन खिडकीशी एकटा बसला, कानांत हेडफोनची बोंडं घातली. ब्रिटनं बाहेरून हात हलवला, त्यानंही हलवला. रोलंडनं बस वळेपर्यंत वाट पाहिली.

घरी पोचला तेव्हा अजून थोडा उजेड होता. डोरीन मटार सोलत बसली होती.

"कोण जिंकलं?"

"दुसरे."

"आणि आपला पोरगा?"

"चोवीस पॉइंट."

"अगं बाई! छान की," डोरीन म्हणाली.

"हो," रोलंड म्हणाला आणि बूट काढायला खाली बसला.